बुलेट ३५० साठी स्वस्तातलं हेड : डुप्लिकेट घेऊ, पोर्टिंग केलेलं घेऊ, की जुनंच सुधारू?

मिठागर
८ जून, रात्री १०:१५

राम राम मंडळी.

गाडी बाबांची. १९८८ ची बुलेट ३५०, उजव्या पायात गिअर, डाव्या हाताला डीकॉम्प्रेसरची (किक मारताना सिलिंडरातला दाब सोडायची) कळ, आणि शिरोड्याच्या खाऱ्या वाऱ्यात काढलेला जन्म. मागच्या आठवड्यात रेडीच्या चढावर प्लग उडाला. शब्दशः उडाला. फाट् करून आवाज झाला आणि प्लग केबलला लटकत टाकीवर टकटक आपटायला लागला. आटे आधीच एकदा जाऊन बुश मारलेला होता, तो बुशच आट्यांसकट बाहेर आला. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं गाईड (व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो ती नळी) हेडातच हलतंय आणि दोन फिन तुटलेल्या.

पाऊस लागलाय, गाडी चतुर्थीपर्यंत उभीच राहणार. एवीतेवी उघडलंय तर थोडी ताकद वाढवून घ्यावी असं डोक्यात आहे. मुंबईचे मित्र नव्या गाड्या घेऊन येतात आणि दाणोली सोडली की मी आंबोलीपर्यंत त्यांच्या मागे. डबलसीट असलो तर दुसऱ्या गिअरवर रडत. मला शर्यत लावायची नाही, घाट तिसऱ्यात चढायचा आहे.

बजेट हेडासाठी पंधरा हजार. डुप्लिकेट हेड व्हॉल्व्ह-स्प्रिंगसकट साडेचारला मिळतंय, पार्सलने येतं. एक जण पोर्टिंग करून, म्हणजे हवेच्या वाटा (पोर्ट) घासून मोठ्या करून, मोठा इनलेट व्हॉल्व्ह घालून ‘स्टेज टू’ म्हणून चौदा हजाराला देतो. वर म्हणतो की ताकद तीस टक्क्यांनी वाढेल. जुन्या बाजारात एक ओरिजिनल हेड सहा हजाराला पडून आहे, पण आत काय आहे देव जाणे. आणि माझं स्वतःचं, जे सध्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे.

काय करू?

दोनस्ट्रोक
८ जून, रात्री १०:३१

बुलेट आणि परफॉर्मन्स! रेड्याच्या पायात घुंगरू बांधलं म्हणून तो नाचत नाही रे भाऊ. माझी यामाहा आरएक्स घेऊन जा, आंबोलीत मित्रांना वाट दाखव.

तेलकटहात
८ जून, रात्री ११:०२

रे बाबा, हेडाक कित्याक हात लावतंस? आधी तळ बघ. माका सांग, खालचो बुश कधी बदललो हुतो? हेड म्हणजे घराची कौलां. भिंत पडाक इली तर कौलां बदलून काय करतलंस?

सगळ्यांक समजाचा म्हणान आता शुद्ध मराठीत लिवतंय.

या जुन्या ३५० च्या क्रँकपिनवर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे. पिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये एक कडं, आतून-बाहेरून व्हाइट मेटलचं, दोन्हीकडून मोकळं. तेलाच्या थरावर ते स्वतःच फिरत राहतं. तेल वेळेवर बदललं, गाडी कोंडून चालवली नाही, तर वर्षानुवर्षं जातं. पण वरच्या गिअरात घाटात ढकलत नेलीस, तेल काळं कोळसा होईपर्यंत ठेवलंस, तर ते गेलं. आणि ते गेलेलं असताना वर ताकदीचं हेड बसवलंस तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

हेड उतरलेलंच आहे. बॅरलपण काढ. पिस्टन अगदी वर आण, रॉड दोन्ही हातांनी धर आणि सरळ वर-खाली ओढ. बाजूला हलला तर चालेल, थोडा हलायलाच पाहिजे. वर-खाली टुक् असा आवाज आला, की हेडाचे पंधरा हजार खाली गेले समज.

मिठागर
९ जून, सकाळी ७:४०

बुश कधी बदलला ते बाबांनाच माहीत आणि बाबा म्हणतात, “गाडी चालत होती ना?”

बॅरल रविवारी काढतो.

रीमर
९ जून, दुपारी १:२०

भावा, जेवायच्या सुट्टीत लिहितोय, चुकभूल माफ. मी कोल्हापुरात उद्यमनगरात बावीस वर्षं लेथ आणि बोअरिंगवर. हेड बघून डोळे गेले.

साडेचार हजाराचं हेड घेऊ नको असं मी म्हणणार नाही. त्याला ‘कच्चा माल’ समजून घे. डब्यातून काढलं आणि गाडीवर चढवलं असं करायचं नाही, एवढंच. माझ्याकडं असली हेडं येतात तेव्हा मी पहिल्यांदा व्हॉल्व्ह काढून गाईडात निम्मा बाहेर ठेवून हलवून बघतो. इनलेटला दोन-अडीच थाउ (इंचाचा हजारावा भाग) मोकळीक ठीक, एक्झॉस्टला त्याहून थोडी जास्त, कारण तो तापतो. डुप्लिकेटात दोन्ही टोकं बघितलीत. एकात व्हॉल्व्ह पिपाणीसारखा हलतो, दुसऱ्यात इतका टाइट की गरम झाल्यावर गाईडात अडकून बसायचा.

मग सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती कड. गाईड आणि सीट एका रेषेत आहेत का, हा खरा मुद्दा. निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवून बघ. कडेला पूर्ण गोल पट्टी उमटली पाहिजे. अर्धचंद्र उमटला तर सीट वाकडी कापलीय. लोक काय करतात, ग्राइंडिंग पेस्ट लावून घासत बसतात, घासून घासून व्हॉल्व्हाला खाच पाडतात. वाकडं ते वाकडंच राहतं. गाईड बदलून, त्याच गाईडात पायलट (कटर सरळ धरणारी दांडी) घालून सीट नव्यानं कापायला लागते. ४५ अंशाचा तोंडाचा भाग, वर ३०, खाली ६०. तिथंच हवेची वाट सुधारते, आणि त्याला पोर्टिंगवाल्याची गरज नाही.

आणि कास्टिंग. पोर्टात बॅटरी मारून बघ, वाळूचे कण चिकटलेले असतात. एक कण निघून रिंगांत गेला की बॅरलला रेघ. फिनांच्या मुळाशी बारीक भोकं दिसली तर परत पाठव.

हे सगळं मजुरीसकट धरलंस तर साडेचारचं हेड साडेआठ-नऊला पडतं. तेवढ्यात तुझं जुनं हेड नव्यासारखं होतं. कंपनीच्या त्या जुन्या कास्टिंगचा मी भक्त आहे.

जांभा
९ जून, संध्याकाळी ६:०५

वाचतोय. बाकी शिरोड्याहून कोल्हापूर कशाला, आंबोलीवरून बेळगाव जवळ पडतं. तिथेही क्रँकचं काम करणारे कमी नाहीत.

रीमर
९ जून, संध्याकाळी ६:३०

बेळगाव जवळ पडतं हे मान्य. काम कुठं चांगलं होतं त्यावर इथं बोलत नाही, धागा भरकटेल.

आखातीमाणूस
१० जून, रात्री १२:४५

मी मूळ राजापूरचा, शारजात गॅरेजवर. इथे अमेरिकन व्ही-एट गाड्यांचं वेड आहे, त्यामुळे स्वस्त हेडांचा प्रश्न रोजचा. तुमची एक सिलिंडरची, आमची आठ. पण खड्डे तेच.

शेवरलेचं ३५० क्यूबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक घ्या. त्यासाठी ॲल्युमिनियमची हेडं एडलब्रॉकची आहेत, एएफआरची आहेत, ट्रिक फ्लोची आहेत, आणि त्यांच्या निम्म्या-पाव किमतीत निनावी कास्टिंगही ढिगाने आहेत. कागदावर सगळी सारखीच दिसतात. चेंबर (हेडातली जळणाची पोकळी) ६४ सीसी, इनलेट व्हॉल्व्ह २.०२ इंच, एक्झॉस्ट १.६०, व्हॉल्व्हचा कोन २३ अंश. फरक कागदावर लिहीत नाहीत तिथे असतो. गाईड कसलं, सीट कशी कापली, स्प्रिंग तुमच्या कॅमला पुरते का. स्वस्त जोडणी घेतलेल्या बहुतेकांना शेवटी स्प्रिंगा फेकाव्या लागतात. म्हणून आम्ही सांगतो, स्वस्तातलं घ्यायचंच तर नुसतं कास्टिंग घ्या आणि आतलं सामान आपल्या हाताने भरा.

गंमत म्हणजे ज्यांना खरंच पैसे वाचवायचे असतात ते नवीन घेतच नाहीत. १९९६ ते २००० च्या ट्रकांवर जनरल मोटर्सची ‘व्होर्टेक’ नावाची बिडाची हेडं यायची. चेंबरचा आकार आणि पोर्ट इतके चांगले की भंगारातून ती शोधून काढतात, तडा आहे का तपासतात आणि गाईड-सीट करून बसवतात. अर्थात त्यातही मेख आहे. त्याच्या इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट वेगळे, त्यामुळे मॅनिफोल्ड पण बदला. हेडाच्या मागून येणारा खर्च हेडाच्या किमतीत कुणी धरत नाही.

आता पोर्ट. मोठं भोक म्हणजे जास्त हवा, असं सगळ्यांना वाटतं. साध्या रस्त्यावरच्या शेवरले ३५० ला २२० सीसी आकारमानाचा पोर्ट दिला तर वर ६००० आरपीएमला आकडा छान येतो, पण सिग्नलवरून गाडी उठत नाही. १८० च्या आसपासचा पोर्ट दिला की तीच गाडी खालून खेचते. हवेला वेग पाहिजे. बारीक नळीतून पाणी जोरात जातं तसं.

मिठागर, त्या स्टेज टूवाल्याला दोन प्रश्न विचार. फ्लो बेंचचा (हवेचा प्रवाह मोजायच्या यंत्राचा) कागद आहे का, आणि असेल तर किती लिफ्टला (व्हॉल्व्ह किती उघडल्यावर), किती दाबाला मोजलंय. आमच्याकडे २८ इंच पाण्याच्या दाबाला मोजायची पद्धत आहे. दाब सांगितल्याशिवाय सांगितलेला आकडा म्हणजे मासळी न तोलता सांगितलेला भाव. आणि त्याचा इनलेट पोर्ट किती मिलीमीटरचा केलाय तेही विचार.

मिठागर
१० जून, सकाळी ८:१०

विचारलं. कागद नाही. “अनुभव आहे सर.” पोर्ट ३० मिलीमीटरचा.

आखातीमाणूस
१० जून, दुपारी २:३०

तुझा कार्बोरेटर मिक्‌कार्ब व्हीएम २४ ना? २४ मिलीमीटरच्या तोंडामागे ३० चा बोगदा. क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, म्हणजे तिथे हवेचा वेग तेवढाच पडणार. घाटात तुला २५००-३००० आरपीएमला जोर पाहिजे. हे हेड तुला नेमकं तिथेच कमी देईल. चौदा हजार वाचले तुझे.

दोनस्ट्रोक
१० जून, दुपारी २:४१

मासळी न तोलता सांगितलेला भाव! हे घरी वापरणार.

पावशेर
१० जून, संध्याकाळी ५:००

एक बाळबोध प्रश्न. नंतरच्या यूसीई इंजिनाचं (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात असलेलं) हेड जुन्यावर बसणार नाही का? बोअर-स्ट्रोक दोन्हीचा ७० बाय ९० च आहे ना?

तेलकटहात
१० जून, संध्याकाळी ५:२२

आकडे सारखे, पण जात वेगळी. त्याला हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हाची मोकळीक आपोआप जुळवणारे), सगळी बांधणीच निराळी. नाही बसत. आणि बघ, जुन्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं) ५.५ होता, यूसीईचा ८.५ केला. घोडे किती वाढले? १८ चे १९.८. हेड बदलून रॉकेट होईल म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

कातळ
११ जून, रात्री ९:१५

मी रत्नागिरीचा, वय झालंय, तरी हे वाचून राहवेना.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी मीही असाच पेटलो होतो. उंच डोक्याचा पिस्टन घातला, हेडाला फेसिंग मारलं (तोंड तासलं), पोर्ट आरशासारखे घासून घेतले. गाडी खरंच पळायची. दोन महिने पळाली. मग हातखंब्याच्या उतारावर रॉड तुटला आणि क्रँककेसला मुठीएवढं भोक पाडून बाहेर आला. मी वाचलो कारण क्लच दाबलेला होता. त्या क्रँककेसमध्ये आता बायकोने मनीप्लांट लावलाय.

पोर्ट आरशासारखे घासायची हौस असेल तर एक्झॉस्टचा घासा, तिथे काजळी कमी धरते. इनलेटचा खरखरीतच असू द्या, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून राहत नाहीत.

आणि मिठागर, खरं सांगू? घाट तिसऱ्यात चढायचा तर गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट एक दातानं कमी कर. सहा टक्क्यांच्या आसपास जोर चाकावर तसाच मिळतो, हेडाला हात न लावता. मागचं बदलता येत नाही, ते ब्रेकच्या ड्रमलाच असतं. पुढचं क्लचच्या मागे लपलेलं असतं, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नाही. पण तुझी गाडी उघडलेलीच आहे.

मिठागर
११ जून, रात्री ९:५०

म्हणजे ज्या कामासाठी एवढा धागा काढला ते काम चारशे-पाचशे रुपयांच्या चक्रीत होतं!

कातळ
११ जून, रात्री ९:५८

हेड तर तुटलेलंच आहे ना बाबा. ते करावंच लागणार. पण हेडाकडून हेडाचीच अपेक्षा ठेव.

सुरंगी
१२ जून, दुपारी ४:१०

गाड्यांमधलं मला काही कळत नाही, मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवते. पण वर सगळे कॉम्प्रेशन रेशोवर बोलताहेत आणि कुणीही चेंबर मोजलेलं नाही, हे पाहून हात शिवशिवले. घरमालकाने जमीन न मोजता कुंपण घालावं तसं झालं.

ब्युरेट घ्या. हेड उलटं ठेवा, प्लगच्या भोकात प्लग, व्हॉल्व्हच्या कडेला ग्रीस. वर ॲक्रिलिकची पट्टी, तिला एका बाजूला बारीक भोक, खालून ग्रीसची कड. पाण्यात एक थेंब भांड्यांचा साबण आणि एक थेंब शाई. साबणाने पाणी कोपऱ्यात शिरतं, शाईने बुडबुडा दिसतो. तेल घालू नका, निदान शाळेच्या ब्युरेटमध्ये तरी नाही. शाळेची ब्युरेट ५० मिलीची असते, एकदा भरून पुरणार नाही. शून्यापासून ५० पर्यंत सोडा, परत भरा. वाचताना डोळा पातळीत, वक्राच्या तळाशी वाचायचं. मोजून झालं की लगेच पुसून तेल लावा, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतील आणि दोष रसायनशास्त्राला लागेल.

मिठागर
२१ जून, रात्री ११:३०

सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी कबुली. मोह आवरला नाही, डुप्लिकेट हेड मागवलं. रीमरदादा रागावतील, पण मोजायला तरी दोन हेडं समोर होती.

ब्युरेट चुलत बहिणीच्या शाळेतून आणली, अट अशी की सोमवारी सकाळी साडेदहाच्या आत परत. पडवीत स्टुलावर हेड उलटं ठेवलं. आधी माझं जुनं. प्लगच्या भोकाला आटेच नाहीत म्हणून भाच्याची खेळायची माती ठासली. ग्रीस लावलं, पट्टी बसवली, निळं पाणी सोडलं. चाळीसपर्यंत छान गेलं. मग पातळी आपोआप खाली जायला लागली. दोनदा पुसून परत केलं, परत तेच. बाबा खुर्चीवर बसून बघत होते, काही बोलत नव्हते. तिसऱ्या वेळी म्हणाले, “डीकॉम्प्रेसर मोजलास काय?” त्याचा छोटा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला होता, निळं पाणी तिथून हळूच स्टुलावर. तो काढून साफ करून ग्रीस लावून बसवला. मग आकडा स्थिर झाला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळी ७१.५ च्या आसपास.

डुप्लिकेट हेड ७६.

आता हिशोब. सिलिंडर ३४६.४ सीसी. हेडाचं पॅकिंग दाबल्यावर ०.८ मिलीमीटर, म्हणजे ३.१ सीसी. पिस्टन वर आल्यावर बॅरलच्या कडेखाली ०.६ राहतो, ते २.३. माझ्या हेडाने एकूण ७६.९, म्हणजे रेशो ५.५. कंपनीने लिहिलाय तोच. एवढं वय झालेलं हेड आकड्याला जागलं, मला भरून आलं. डुप्लिकेटने ८१.४, रेशो ५.२५. म्हणजे नवीन हेड घातलं असतं तर गाडी आणखी ढिली झाली असती आणि मी म्हटलं असतं की इंजिन नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागेल.

निळा रंगही लावून बघितला. डुप्लिकेटच्या एक्झॉस्टला बरोबर अर्धचंद्र.

आता वाईट बातमी. रॉड ओढून बघितला. टुक्.

तेलकटहात
२१ जून, रात्री ११:४१

सांगलंय हुतंय.

सुरंगी
२२ जून, सकाळी ६:५०

तीनदा मोजलंत, पैकीच्या पैकी गुण. बाबांना अर्धा गुण जास्त.

रीमर
२२ जून, दुपारी १:१०

रागावलो नाही. अर्धचंद्र बघितलास, शिकलास. आता असं करू. जुनं हेड घेऊन ये. प्लगचं भोक आर्गन वेल्डिंगनं भरून १४ मिलीमीटरचे नवे आटे पाडतो, परत बुश नको. वेल्डिंगच्या आधी हेड चांगलं तापवून घ्यायचं आणि नंतर राखेत गार करायचं, नाहीतर तिथंच चिरतं. वेल्डिंगनं तोंड थोडं वाकणार, म्हणून नंतर हलकं फेसिंग. गाईड दोन्ही नवीन, वरच्या मापाची, कारण जुन्याचं भोक मोठं झालंय. सीट तीन कोनांत. फिनांना हात लावत नाही.

तुला रेशो किती पाहिजे?

मिठागर
२२ जून, दुपारी १:३५

कातळकाकांनी घाबरवलंय. साडेसहा ठीक? फेसिंग मारून होईल का?

सुरंगी
२२ जून, दुपारी ४:२०

साडेसहासाठी एकूण जागा ६३ सीसी पाहिजे. आत्ता ७६.९ आहे. चौदा सीसी कमी करायचे आहेत. तुमच्या ७० मिलीमीटरच्या वर्तुळात एक मिलीमीटर म्हणजे जेमतेम ३.८ सीसी. साडेतीन मिलीमीटरहून जास्त तासावं लागेल. मला इंजिन कळत नाही, पण हे हेड आहे की नारळ?

रीमर
२२ जून, संध्याकाळी ६:१५

बाईंनी बरोबर पकडलं. एवढं तासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) लांब पडतील. खालच्या टोकाला ॲडजस्टर असतो, पण तो काही मिलीमीटर गिळायला दिलेला नाही. फेसिंग फक्त सपाट करण्यापुरतं. रेशो वाढवायचा तर उंच डोक्याचा पिस्टन घे, मध्यम उंचीचा. आणि बसवताना पिस्टनवर तीच भाच्याची माती थापून हातानं दोन फेरे फिरव, उघड, दबलेली माती कापून मोज. दीड मिलीमीटरच्या खाली आली तर मला फोन कर.

कातळ
२२ जून, रात्री ८:४०

माझ्यावर खापर नको. साडेसहाला मी घाबरत नाही, त्या काळी मी साडेआठला नेलं होतं. फक्त ठिणगीचं टायमिंग ऐकून लाव. घाटात टिणटिण आवाज आला तर थोडं मागे घे. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल २० टक्के, त्यामुळे कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लागेल, आणि टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून पावसाळाभर गाडी उभी करू नकोस. इथेनॉल पाणी ओढतं. तुमच्या तिकडे तर हवाच पाण्याची.

जांभा
२३ जून, सकाळी ९:००

स्टडवर कॉपर ग्रीस लावायला विसरू नको. लोखंड आणि ॲल्युमिनियम, मध्ये खारी हवा. पुढच्या वेळी नट नाही, स्टडच निघून येईल. माझा आला.

तेलकटहात
२३ जून, सकाळी ९:३०

क्रँक कुडाळात माझ्याकडे सोड. फ्लोटिंग बुशच नवीन घालायचा की रोलर बेअरिंग करून घ्यायचं ते पिन बघून ठरवू. रोलर केलास तर थोडं महाग, पण बाबांसारखं तेल बदलत असशील तर रोलरच बरं. बाबांना सांगू नको मी असं म्हटलं.

मिठागर
१९ ऑगस्ट, रात्री १०:०५

मधले दोन महिने गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, फक्त बिलं होती.

हेड कोल्हापूरला गेलं, आलं. वेल्डिंग, आटे, गाईड, सीट आणि हलकं फेसिंग मिळून साडेपाच हजार. क्रँकला रोलर केलं, तिथे पंधरा हजाराचं बजेट मोडलं आणि वरचे आठ हजार बायकोकडून उसने. पिस्टन मध्यम उंचीचा. माती दोनदा थापली, सगळ्यात पातळ जागी दोन मिलीमीटर आली. परत ब्युरेट आणली, या वेळी बॅरलवर पिस्टन वर आणून तेही मोजलं. रेशो ६.४. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी. पोर्ट जसे होते तसेच, फक्त पॅकिंगची कड आत येत होती ती कापली.

पहिल्या किकेला काही झालं नाही. दुसऱ्या किकेला पायाला धक्का बसला, कारण आता डीकॉम्प्रेसर खरोखर वापरावा लागतो. तिसऱ्याला सुरू.

डबलसीट आंबोली काल केली. दाणोलीपासून तिसऱ्यात. धुकं इतकं की पुढचा ट्रक फक्त लाल दिव्यावरून कळत होता, त्यामुळे दोन वळणांवर दुसरा टाकावा लागला, पण तो ट्रकासाठी, गाडीसाठी नाही. मित्रांना गाठलं नाही. हायवेला मात्र पूर्वीपेक्षा लवकर ओरडते, ती एका दाताची किंमत.

डुप्लिकेट हेड आईने पडवीच्या दाराला टेकू म्हणून ठेवलंय. वारा सुटला तरी दार हलत नाही.

दोनस्ट्रोक
१९ ऑगस्ट, रात्री १०:१२

म्हणजे साडेचार हजाराचं हेड शेवटी परफॉर्मन्स देतंय!

सुरंगी
२० ऑगस्ट, सकाळी ७:००

ब्युरेट परत दिलीत ना?

मिठागर
२० ऑगस्ट, सकाळी ७:२५

दिली. टोकाला ग्रीस लागलेलं होतं, बहिणीने बघितलं.

तेलकटहात
२० ऑगस्ट, सकाळी ८:१५

किती चलवलंस? पाचशे किलोमीटर झाले की हेडाचे नट परत ताण. रातभर थंड झालेल्या इंजिनावर, आडवे-तिडवे, एकदम नाय. मगे टॅपेट बघ.

मिठागर
३१ ऑगस्ट, सकाळी ६:४०

आज ताणले. एक नट पाव फेरा फिरला, बाकीचे जागेवर. टॅपेट इनलेटचा थोडा टाइट झाला होता, सोडला.